हाडं, ओवा आणि एक प्राध्यापक

लहानपणी दादरहून वरळीला मावशीकडे जाताना मी बसमध्ये हट्टानं खिडकी पकडायचो. प्रभादेवी मागे पडली की कंडक्टर ओरडायचा, "चला, बेंगाल केमिकल, बेंगाल केमिकल!" दोन-चार माणसं उतरायची, बस पुढे निघायची. मुंबईतल्या थांब्याला बंगालचं नाव का, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आपल्याकडे थांब्यांची नावं असतात तशी असतात, कोण विचारतो? लिबर्टी गार्डनमध्ये तरी कुठे लिबर्टी शोधायला जातो आपण.

तो प्रश्न पडायला पन्नाशी उलटावी लागली, आणि तो पडला तो आमच्या धाकट्या काकांमुळे.

नात्यातली जी मंडळी हे वाचतात त्यांना काकांचं फिनाईल प्रकरण माहीत आहेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका केमिस्ट्रीचे बी.एस्सी. एका कंपनीत बऱ्यापैकी नोकरी होती. ऐंशीच्या दशकात त्यांनी ती सोडली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फिनाईल करायला घेतलं. राळ आणि कॉस्टिक सोडा उकळून साबण करायचा, त्यात क्रिओसोट तेल घालून ढवळत राहायचं. पाण्यात टाकलं की पांढरं दूध व्हायला हवं. झालं तर माल चांगला, नाही झालं तर सगळा घाणा वाया. लेबलं चिकटवायचं काम आम्हा मुलांकडे होतं. घरभर डांबरी वास. शेजाऱ्यांच्या तक्रारी. आणि आजीचं एक वाक्य, जे पुढे आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं गेलं: "संडास धुवायचं औषध विकायला पदवी कशाला लागते?"

तीन वर्षांत धंदा बसला. काका एका ऑफिसात कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. शाळेत कुणी विचारलं, की "माझे काका कंपनीत आहेत" असं मी सांगायचो. ते फिनाईल करत होते तेव्हाही हेच सांगायचो. ही कबुली आज पहिल्यांदाच देतोय.

तर, गेल्या वर्षी काही कारणानं प्रफुल्लचंद्र राय यांच्याबद्दल वाचायला घेतलं आणि त्या बसथांब्याचं कोडं सुटलं. त्याबरोबर आमच्या घरातली एक जुनी गाठही थोडी सैल झाली. म्हणून हा लेख. जरा लांबला आहे, सवडीनं वाचा.

*

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा. त्याच वर्षी मे महिन्यात रवींद्रनाथ ठाकूर जन्मले होते. गाव रारुली, तेव्हाच्या जेसोर जिल्ह्यातलं. आज ते बांगलादेशात खुलना जिल्ह्यात आहे. वडील हरिश्चंद्र जमीनदार होते, पण वाचणारे. घरात बऱ्यापैकी ग्रंथसंग्रह होता. मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब १८७० मध्ये कलकत्त्याला आलं आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये जाऊ लागले.

१८७४ मध्ये त्यांना आमांशाचा जबर विकार झाला. शाळा सुटली. पोट आणि झोप या दोन गोष्टी जन्मभरासाठी बिघडल्या. पण सक्तीच्या त्या सुटीत या मुलानं वडिलांची कपाटं वाचून काढली. पुढे सगळं आयुष्य त्यांनी मोजून खाल्लं, वेळेवर फिरायला गेले, वेळेवर झोपले. ऐंशीच्या पुढे जगले. आजारी माणसं कधी कधी धडधाकटांपेक्षा जास्त टिकतात, ती अशी.

विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये असताना ते प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांची रसायनाची व्याख्यानं ऐकायला जात. तिथे रसायनशास्त्राची गोडी लागली. मग कुणाला न सांगता गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. १८८२ मध्ये ती मिळाली. त्या खेपेची दुसरी शिष्यवृत्ती मिळाली होती आपल्या मुंबईच्या बहादुरजी नावाच्या पारशी विद्यार्थ्याला. राय एडिंबरोला गेले. क्रम ब्राउन हे तिथले त्यांचे गुरू. १८८७ मध्ये डी.एस्सी. झाले.

मधे एक उद्योग केला. १८८५ मध्ये विद्यापीठानं निबंधस्पर्धा ठेवली होती, विषय १८५७ च्या आधीचा आणि नंतरचा हिंदुस्थान. रसायनाच्या या विद्यार्थ्यानं प्रयोगशाळा बाजूला ठेवून ग्रंथालय गाठलं आणि इंग्रजी राज्यावर सडकून टीका करणारा निबंध लिहिला. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. निबंधाची दखल मात्र घेतली गेली. चोवीस वर्षांचा, सरकारी नोकरीची आशा असलेला मुलगा! पुढे त्या नोकरीत काय वाढून ठेवलं होतं हे बघता हा निबंध म्हणजे आपल्याच पायावर धोंडा म्हणायला हरकत नाही.

*

१८८८ मध्ये ते कलकत्त्याला परतले. खिशात जवळजवळ काही नाही. विलायती कपडे उतरवून मित्राकडून धोतर-चादर मागून घेतली आणि ती नेसून गावी आईला भेटायला गेले. मग वर्षभर बेकारी. एडिंबरोचा डॉक्टर, आणि राहायला जगदीशचंद्र बोसांचं घर.

शिक्षणखात्यात तेव्हा दोन पंगती होत्या. वरच्या श्रेणीतल्या जागा व्यवहारात इंग्रजांसाठी राखलेल्या, खालच्या आपल्यासाठी. काम तेच, वर्ग तेच, पगारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. १८८९ मध्ये राय यांना प्रेसिडेन्सी कॉलेजात जागा मिळाली ती हंगामी, महिना २५० रुपयांची. त्यांनी शिक्षणखात्याच्या संचालकांना, सर आल्फ्रेड क्रॉफ्टना, भेटून गाऱ्हाणं घातलं. साहेबांचं उत्तर साधारण असं होतं: तुम्हाला आपल्या विद्येची एवढी किंमत वाटत असेल तर जगात दुसरे मार्ग मोकळे आहेत, ही नोकरी घ्याच असं कुणी म्हणत नाही.

हे उत्तर लागणारं होतं. आपल्यापैकी कितीतरी जणांनी असलं वाक्य कुठल्या ना कुठल्या केबिनमध्ये ऐकलेलं असेल. आपण काय करतो? घरी येऊन बायकोवर चिडतो. राय यांनी ती नोकरी धरली, १९१६ पर्यंत मन लावून शिकवलं, आणि साहेबांनी उपहासानं दाखवलेला तो 'दुसरा मार्ग'ही संध्याकाळच्या वेळात खरोखरच शोधून काढला.

त्यांना दिसत होतं ते असं. वर्गातली हुशार मुलं पदवी घेतात आणि कारकुनी शोधत हिंडतात. तीस रुपयांच्या जागेसाठी शेकड्यांनी अर्ज. दुसरीकडे देशातून कच्चा माल जहाजं भरून विलायतेला जातो आणि त्यातून झालेली औषधं बाटल्यांत भरून परत येतात. मग आपण इथे रसायनशास्त्र शिकवतो ते नक्की कशासाठी? फळ्यावर सूत्रं लिहिण्यासाठी?

*

१८९२ साल. ९१, अप्पर सर्क्युलर रोड. भाड्याचं घर. भांडवल सात-आठशे रुपये, तेही पगारातून साठवलेलं. वडिलांच्या डोक्यावरचं कर्ज फेडण्यातही पैसे जात होतेच. पाटी लावली 'बेंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स'. नाव भारदस्त, आणि माणसं मोजून बोटांवर.

आधी लिंबाच्या रसातून सायट्रिक ॲसिड काढून पाहिलं. लिंबं महाग पडली, हिशेब जमेना. सोडून दिलं. सज्जीमातीतून सोडा करून पाहिला. विलायती सोडा इतका स्वस्त येत होता की तेही सोडावं लागलं. मग विचार केला की औषधात फॉस्फेट लागतं, आणि फॉस्फेट असतं हाडांत. हाडं तर इथूनच परदेशी जातात. मग आपणच का करू नये?

राजाबाजारच्या खाटकांकडून हाडांची पोती आणली. वाळवायची कुठे? घराच्या गच्चीवर. थंडीचे दिवस होते, ऊन पडेल असा हिशेब होता. नेमका अवकाळी पाऊस लागला. हाडांना चिकटलेलं मांस कुजलं, किडे पडले, कावळे जमले. तेही वस्तीत, सोवळ्या-ओवळ्याच्या शेजारात! शेजाऱ्यांनी म्युनिसिपालिटीकडे जायची धमकी दिली. शेवटी हाडं उचलून माणिकतल्याच्या बाजूला गावाबाहेरच्या जागेत नेली आणि रात्री विटांच्या भट्टीसारखी रचून पेटवली. गस्तीवरच्या पोलिसाला वाटलं, कुणीतरी खून करून प्रेत जाळतंय. तो धावत आला. प्राध्यापकमहाशयांना त्याची समजूत घालावी लागली.

पुढचं रसायन सोपं आहे, पण सांगतो, कारण काकांना तेवढंच वाचायला आवडेल. हाडांची राख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. तिच्यावर सल्फ्युरिक ॲसिड टाकलं की सुपरफॉस्फेट होतं आणि चुन्याचा भाग सल्फेट होऊन खाली बसतो. वरचं गाळून त्यात सोडा घातला की सोडियम फॉस्फेटचे स्फटिक मिळतात. वर्गात हे समीकरण दोन ओळींत संपतं. गच्चीवर त्याला कावळे आणि पोलीस लागतात.

या प्रसंगापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. कायस्थ घरातला, विलायतेहून डॉक्टरेट घेऊन आलेला, धोतर-कोटातला प्रोफेसर. दिवसा वर्गात शिकवतो, साडेचार-पाचला परत येतो आणि खाटकाकडच्या हाडांपाशी बसतो. त्याच्या घरच्या बायकांनी काय म्हटलं असेल? लग्नच केलं नव्हतं म्हणून सुटले, असं एकदा मनात येऊन गेलं. असो.

*

माल तयार झाला तरी घेणार कोण? औषधांचे दुकानदार म्हणत, गिऱ्हाईक विलायती लेबल मागतं. इथे राय यांना भेटले त्यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बोस. हे डॉक्टर होते, त्यामुळे डॉक्टरांमध्ये त्यांचा शब्द चालायचा. राधागोविंद कर, नीलरतन सरकार अशा कलकत्त्यातल्या नावाजलेल्या डॉक्टरांनी कारखान्याची औषधं लिहून द्यायला सुरुवात केली. एकदा चिठ्ठीवर नाव आलं की दुकानदाराला माल ठेवावाच लागतो.

अमूल्यबाबूंनी आणखी एक गोष्ट सुचवली. नुसती ब्रिटिश फार्माकोपियातली औषधं कशाला? कविराज जी वनस्पती पिढ्यान् पिढ्या देत आले आहेत तिचा अर्क शास्त्रशुद्ध पद्धतीनं, ठरावीक ताकदीचा करून का विकू नये? त्यातून वासकाचं सिरप आलं, कालमेघाचा अर्क आलं, अ‍ॅक्वा टायकोटिस आलं. नावांनी दबून जाऊ नका. वासक म्हणजे आपला अडुळसा. कालमेघ म्हणजे आपलं किराईत. आणि अ‍ॅक्वा टायकोटिस म्हणजे चक्क ओव्याचा अर्क! पोट दुखलं की आजी ओवा चावायला लावायची, तोच ओवा भट्टीतून काढून बाटलीत. त्याच आजीनं काकांच्या पदवीबद्दल ते वाक्य टाकलं होतं, हे आता आठवून हसू येतं.

याच सुमारास त्यांच्यात आणखी एक तरुण आला होता, सतीशचंद्र सिंह. अमूल्यबाबूंचा मेहुणा, रसायनातला एम.ए. शिकलेला मुलगा कारकुनी न मागता कारखान्यात येतो, हेच तर राय यांना हवं होतं. आणि हा मुलगा प्रयोगशाळेत काम करताना अपघातानं प्रुसिक ॲसिडच्या विषानं गेला. पुढे १८९८ मध्ये कलकत्त्यात प्लेग आला. आपल्याकडे पुण्यात आदल्याच वर्षी त्यानं काय केलं ते आपण जाणतोच. प्लेगच्या रोग्यांवर उपचार करता करता अमूल्यचरण बोस गेले.

दोन्ही हात तुटल्यासारखी ही अवस्था. एक गेला तो या कारखान्याच्या कामापायीच गेला. या ठिकाणी कुणीही गाशा गुंडाळला असता आणि कुणी नावं ठेवली नसती. राय कॉलेजातून आल्यावर पुन्हा कामाला बसत राहिले. १९०१ मध्ये त्यांनी कारखान्याची लिमिटेड कंपनी केली, स्वतःचा मालकीहक्क सोडून. १९०५ मध्ये माणिकतल्याला मोठा कारखाना उभा राहिला. बंगालच्या फाळणीचं आणि स्वदेशीच्या चळवळीचं ते वर्ष. पण एक लक्षात घ्या, स्वदेशीची लाट आली तेव्हा हा कारखाना तेरा वर्षांचा होता.

*

याच काळातली एक भेट आपल्या दृष्टीनं महत्त्वाची. गोपाळ कृष्ण गोखले कौन्सिलच्या कामासाठी कलकत्त्यात राहत. राय जवळच राहायचे आणि गोखल्यांकडे त्यांचं नेहमी जाणं-येणं असे. १९०१-०२ च्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक तरुण बॅरिस्टर महिनाभर गोखल्यांकडे मुक्कामाला होता. मोहनदास गांधी. गोखल्यांनी राय यांची ओळख करून दिली ती अशी, की यांचा पगार महिना ८०० रुपये, त्यातले ४० स्वतःला ठेवतात, बाकीचे सार्वजनिक कामांना देतात आणि लग्न करायचा यांचा विचार नाही. गांधींनी ही आठवण आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. त्याच मुक्कामात, जानेवारी १९०२ मध्ये, अल्बर्ट हॉलमध्ये गांधींचं दक्षिण आफ्रिकेवर भाषण झालं. त्याच्या खटपटीत राय पुढे होते.

त्याच वर्षी, १९०२ मध्ये, राय यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड आला. दुसरा १९०९ मध्ये. 'रसार्णव'सारखे संस्कृत ग्रंथ, हस्तलिखितं गोळा करून त्यांनी हे काम केलं. आपल्याकडे असं काही निघालं की लोकांना वाटतं, चला, आपले पूर्वज किती थोर होते हे वाचायला मिळणार. तसं थोडं आहेही. पण या पुस्तकात राय एक कडू प्रश्न विचारतात. एवढं सगळं होतं तर गेलं कुठे?

त्यांचं उत्तर असं, की जातीव्यवस्थेनं डोकं आणि हात वेगळे केले. धातू गाळणं, अर्क काढणं, चामडं कमावणं, शव फाडून बघणं ही कामं खालच्या मानलेल्यांकडे गेली. ज्यांच्याकडे ग्रंथ होते त्यांनी हात धुऊन घेतले आणि ज्यांच्याकडे हात होते त्यांच्याकडे ग्रंथ पोचले नाहीत. 'हे असं का होतं' हा प्रश्न विचारणारं कुणी उरलंच नाही. आणि विज्ञान हळूहळू विझलं.

इतिहासकार या निदानाबद्दल वाद घालू शकतात. एकाच कारणानं एवढी मोठी गोष्ट घडत नाही, हेही खरं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की हे लिहिणाऱ्या माणसानं दहा वर्षं आधी स्वतः गच्चीवर हाडं वाळत घातली होती. आधी केले मग सांगितले, असं आपण संतांबद्दल म्हणतो. इथे प्रोफेसरबद्दल म्हणायला हवं. कंपनी काढणं हा त्यांच्यासाठी नुसता स्वदेशीचा किंवा रोजगाराचा प्रश्न नव्हता. तुटलेले डोकं आणि हात एकाच माणसात पुन्हा जोडता येतात का, याचा तो प्रयोग होता, आणि पहिला नमुना म्हणून त्यांनी स्वतःला घेतलं.

*

पुढची कथा भराभर सांगतो. १९०३ मध्ये राजशेखर बसू नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ कंपनीत आला आणि लवकरच तिचा कारभारी झाला. हाच माणूस पुढे 'परशुराम' नावानं बंगालीतला मोठा विनोदी लेखक आणि कोशकार झाला. त्याची पहिली गाजलेली कथा कसली असेल? देवीच्या नावावर शेअर विकून लोकांना टोपी घालणाऱ्या लिमिटेड कंपनीची! दिवसभर सचोटीची कंपनी चालवायची आणि रात्री लबाड कंपनीची गोष्ट लिहायची. आपल्याकडे चिं. वि. जोशी बडोद्याला दप्तरखात्यात होते, त्याची आठवण झाली.

शिशाच्या मोठ्या खोल्यांमध्ये सल्फ्युरिक ॲसिड तयार होऊ लागलं. हे ॲसिड म्हणजे रसायनधंद्याचं मीठ, त्याच्यावाचून काहीच शिजत नाही. पहिल्या महायुद्धात परदेशी माल अडकला तेव्हा कंपनीची भरभराट झाली. सतीशचंद्र दासगुप्तांनी इथेच 'फायर किंग' नावाचं आग विझवायचं यंत्र केलं. नंतर ते नोकरी सोडून गांधींच्या खादीकामात गेले. १९२० मध्ये पानिहाटीचा कारखाना झाला. आणि १९३८ मध्ये मुंबईला, आपल्या प्रभादेवीला. तोच तो थांबा! आणि बंगालमधल्या घराघरांत या कंपनीचं कुठलं उत्पादन पोचलं म्हणता? दिवा छाप फिनाईल. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या.

राय यांनी कंपनीतून स्वतःसाठी काही घेतलं नाही. १९१६ मध्ये प्रेसिडेन्सी सोडून ते विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात गेले. साठी झाल्यावर तिथला पगारही विद्यापीठालाच देऊन टाकला. कॉलेजच्या इमारतीतल्या एका खोलीत राहत, आसपास विद्यार्थी. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष हे त्यांच्या वर्गात बसलेले. १९२२ च्या उत्तर बंगालमधल्या पुरात म्हाताऱ्यानं मदतकार्याची अशी फळी उभी केली की सरकार बघत राहिलं. त्याच खोलीत १६ जून १९४४ रोजी ते वारले.

त्यांना संत करून टाकायचा माझा इरादा नाही. रसायनाचे कारखाने काढणारा हा माणूस चरख्याचा एवढा कट्टर पुरस्कर्ता झाला, की रवींद्रनाथ चरखा चालवत नाहीत म्हणून त्यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली, आणि १९२५ मध्ये रवींद्रनाथांना चरख्याविरुद्ध लेख लिहून उत्तर द्यावं लागलं. मला विचाराल तर त्या वादात रवींद्रनाथांची बाजू बरोबर होती. बंगाली तरुण आळशी आहेत, मारवाड्यांकडून काही शिका, असं ते इतक्या वेळा बोलत की ऐकणाऱ्यांना नकोसं व्हावं.

आणि कंपनी? फाळणीनं पूर्व बंगालची बाजारपेठ गेली, रारुलीसकट. कंपनी तोट्यात जात राहिली. १९७७ मध्ये सरकारनं व्यवस्थापन हाती घेतलं, १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. तरुणांनी सरकारी नोकरीच्या मागे लागू नये म्हणून काढलेल्या कारखान्यात शेवटी सरकारी नोकऱ्या तयार झाल्या, हा दैवदुर्विलासच. तोटा चालूच राहिला. २०१६-१७ मध्ये साठाहून जास्त वर्षांनी पहिल्यांदा नफा दिसला. गंमत म्हणजे त्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, केंद्र सरकारनं ती विकायचं ठरवलं. कामगार कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला.

मग प्रयोग फसला असं म्हणायचं का? ताळेबंद बघितला तर तसं दिसतं. पण बडोद्याला १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक काढली, मुंबईला १९३५ मध्ये ख्वाजा अब्दुल हमीद या रसायनशास्त्रज्ञानं सिप्ला काढली. या देशात शिकलेल्या माणसानं औषधाचा कारखाना काढणं म्हणजे वेडेपणा नव्हे, हे तोवर कुणीतरी करून दाखवलेलं होतं. पहिल्या माणसाचा हिशेब एकट्या त्याच्या वहीत मांडून चालत नाही.

*

हे सगळं वाचून झाल्यावर मी काकांना फोन केला. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. म्हटलं, "काका, तुमच्या फिनाईलबद्दल विचारायचं होतं." पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "राळ हलकी मिळायची रे. साबण नीट व्हायचा नाही, म्हणून घाणा फुटायचा. सहा महिने लागले कळायला. कळलं तोवर उधारी फार झाली होती."

चाळीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. घरात सगळ्यांना आजीचं वाक्य पाठ होतं, घाणा का फुटायचा हे एकालाही माहीत नव्हतं.

मी त्यांना राय यांची गोष्ट सांगितली. गच्ची, पाऊस, किडे, कावळे, पोलीस. आजीचं वाक्य मी काढलं नाही, त्यांनीही नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"हाडं किती तास जाळली त्यांनी? नाही, कारण आत काळी राहिली तर फॉस्फेट स्वच्छ येणार नाही."

मला सांगता आलं नाही. पुढच्या वेळी विचारून नाही, वाचून सांगतो म्हटलं. सध्या तेच शोधतोय.